मातीचा मुक्काम

१९३८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या बीव्हर या खेड्यात २८ वेळा पुराचे पाणी शिरले. गाव काही मोठ्या नदीच्या काठी नव्हते. व्हाइटवॉटर ही मिसिसिपीला मिळणारी लहानशी नदी, आणि तिच्या खोऱ्यात १८५४ मध्ये वसलेले हे शेतकऱ्यांचे गाव. पाणी यायचे आणि ओसरायचे, पण त्याच्यासोबत आलेला गाळ मात्र तिथेच राहायचा. रस्ते, अंगणे, घरांची जोती त्याखाली गेली. लोक एकेक करून उठले. सरकारने खोऱ्यातल्या जमिनी विकत घेतल्या, आणि आज तो सगळा टापू वन्यजीवांसाठी राखीव आहे.

नुसत्या पावसाने वर्षात २८ पूर येत नाहीत. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. वरची जमीन पाणी मुरवेनाशी व्हावी लागते आणि खालचे पात्र उथळ व्हावे लागते. बीव्हरच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या होत्या, आणि त्या घडायला पाऊणशे-ऐंशी वर्षे लागली होती. गाव बुडाले त्या पिढीने जमीन फोडली नव्हती. ज्यांनी फोडली त्यांनी बुडणारे गाव पाहिले नाही.

या सगळ्या प्रकाराचा खरा हिशेब मांडला गेला तो मात्र पलीकडच्या तीरावर, विस्कॉन्सिन राज्यातल्या कून क्रीक या ओढ्यावजा नदीच्या खोऱ्यात. खोऱ्याचे क्षेत्र जेमतेम ३६० चौरस किलोमीटर. आपल्याकडचा एखादा मध्यम तालुकासुद्धा याहून मोठा असतो. पण शेती पसरल्यावर लहान नदीचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याला आजही या आडगावच्या नदीपाशी यावे लागते.

हा मुलूख मुळातच चमत्कारिक आहे. हिमयुगात आजूबाजूची सारी भूमी बर्फाच्या थरांनी रगडून काढली, पण नैऋत्य विस्कॉन्सिन आणि त्याला लागूनचा काही भाग त्यातून वाचला. भूगोलात त्याला ड्रिफ्टलेस प्रदेश म्हणतात. शेजारी मैलोन्‌मैल सपाटी असताना इथे अरुंद डोंगरमाथे, उभे उतार आणि खोल दऱ्या आहेत. माथा आणि दरीचा तळ यांच्या उंचीत शंभर-दीडशे मीटरचा फरक. माथ्यावर वाऱ्याने आणून टाकलेल्या लोएस मातीचा थर आहे. ही माती पिठासारखी बारीक, पिकाला उत्तम आणि वाहत्या पाण्यापुढे अगदी दुबळी.

शेती इथे नवी नव्हती. हो-चंक लोक मका, घेवडा, भोपळा लावत, तेही बहुतेक दरीतल्या सपाट जमिनीच्या तुकड्यांत आणि कुदळीने. माथ्यावरची गवताळ राने ते मुद्दाम पेटवत, त्यामुळे तिथे उंच गवत आणि मधूनमधून ओकची झाडे असे मोकळे रान टिकून होते. उतारांना नांगर माहीत नव्हता. १८३७ च्या तहाने मिसिसिपीच्या पूर्वेची त्यांची उरलीसुरली जमीन गेली. सैन्य लावून त्यांना पश्चिमेला हाकलले, ते परत आले, पुन्हा हाकलले, तरी काही जण परत आलेच. इतिहासाच्या पुस्तकांत यानंतर ‘वसाहतीचा काळ’ सुरू होतो, जणू तोवर तिथे कुणाची वस्ती नव्हतीच.

मग सरकारी मोजणीदार आले. त्यांनी जमिनीवर मैलामैलाचे चौकोन आखले. डोंगर असो, दरी असो, रेघ सरळच जायची. हे चौकोन पुढे महागात पडले, पण त्याच मोजणीदारांनी नकळत एक मोठे काम करून ठेवले. रेघ जिथे ओढा ओलांडत असे, तिथे ओढ्याची रुंदी ते वहीत टिपून ठेवत. शंभराहून अधिक वर्षांनी जेम्स नॉक्स या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या भूगोलतज्ज्ञाने याच प्रदेशातल्या प्लॅट नदीच्या नोंदी काढून आजच्या पात्रांशी ताडून पाहिल्या. उगमाकडचे ओढे पूर्वीपेक्षा रुंद आणि उथळ झाले होते. नांगर लागण्यापूर्वी ओढे कसे होते, हे सांगणारा कागद जगात फार थोड्या ठिकाणी सापडतो.

१८५० च्या दशकात कून क्रीकच्या खोऱ्यात शेतकरी येऊ लागले. त्यांत नॉर्वेहून आलेली कुटुंबे पुष्कळ होती. सगळ्यांचे पहिले पीक गहू. गहू पेरायला सोपा, विकायला सोपा आणि हातात रोख पैसा देणारा. १८६० मध्ये गव्हाच्या उत्पादनात विस्कॉन्सिन साऱ्या देशात दुसऱ्या क्रमांकावर होते. माथे आधी नांगरले गेले, मग हळूहळू उतार. शेते चौकोनी आखलेली, त्यामुळे नांगराचे तास बांधाला समांतर, म्हणजे बहुतेक ठिकाणी सरळ वरून खाली. दर तासाची एक नाली, आणि दर नालीचे तोंड दरीकडे.

तरी पहिली काही दशके विशेष काही बिघडलेले दिसले नाही. हजारो वर्षांचे गवत मुळांसकट कुजून तयार झालेली ती माती होती. तिच्यात इतका सेंद्रिय अंश होता की नांगरल्यावरही ती बरेच पाणी पिऊन टाकी. जमिनीने ती वर्षे जुन्या साठ्यावर काढली. शेतकऱ्याला वाटले, अशी जमीन अशीच राहणार. त्याला दोष तरी किती द्यावा? नॉर्वेत त्याने असे उतार पाहिले असतील, पण उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तासाभरात कोसळणारे असे वादळी पाऊस पाहिलेले नव्हते.

१८७० नंतर गव्हाचे दिवस संपत आले. त्याच त्याच पिकाने जमीन थकली, चिंच बग नावाच्या किडीने पिके खाल्ली आणि पश्चिमेच्या ताज्या जमिनींवरचा गहू स्वस्त पडू लागला. विल्यम हॉर्ड या वृत्तपत्रकाराने आणि त्याच्या सोबत्यांनी दूधधंद्याचा प्रचार चालवला. १८७२ मध्ये दूध उत्पादकांची राज्यसंघटना निघाली. विसावे शतक उजाडले तेव्हा विस्कॉन्सिन हे लोणी-चीजचे राज्य झाले होते. शेतकीच्या इतिहासात ही सुधारणेची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि एका अर्थी ती आहेही. गुरे आली, शेणखत आले, गवताची लागवड आली.

नदीच्या बाजूने पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. गुरांना चारा लागतो. सपाट जमीन मक्याला आणि ओटला लागलेली, इथल्या व्हर्नन काउंटीत काही तुकडे तंबाखूखाली. मग गुरे सोडली ती उभ्या उतारांवरच्या झाडीत, जिथे नांगर कधीच पोचला नसता. त्यांनी झाडांखालचे गवत, रोपटी, पालापाचोळा सगळे संपवले आणि खुरांनी माती चोपून घट्ट केली. जे जंगल माथ्यावरून येणारे पाणी अडवून जिरवत असे, ते आता छपराच्या पत्र्यासारखे पाणी निथळून टाकू लागले. माथ्यावर मका ओळीत, दोन ओळींमधली जमीन उघडी, आणि खाली हे असे रान. घळी पडायला एवढे पुरेसे होते.

घळीचा स्वभाव वाईट असतो. ती पाण्याच्या उलट दिशेने वाढते. दरीच्या तोंडाशी सुरू झालेली चीर दर पावसात माथ्याकडे सरकत जाते, शेतात शिरते, तिला फाटे फुटतात. शेतातून थराथराने धुपून जाणारी माती डोळ्यांना दिसत नाही. घळ दिसते. आणि ती केवळ बारीक माती नेत नाही. खालची वाळू, चुनखडीचे तुकडे, गोटे असे सगळे खेचून आणते. ओढ्यांच्या तोंडाशी हा भरड माल पंख्यासारखा पसरला. बारीक पोयटा पुढे मुख्य दरीत गेला, आणि पुराचे पाणी काठाबाहेर पडून संथ झाले की तिथे बसला.

आकडे पाहिले की हा बदल किती मोठा होता ते कळते. नॉक्स यांनी या भागातल्या पूरमैदानांचा अभ्यास करताना एक युक्ती वापरली होती. एकोणिसाव्या शतकात इथे शिसे आणि जस्ताच्या खाणी होत्या, त्यामुळे खाणी सुरू झाल्यानंतरच्या गाळात या धातूंचे प्रमाण वाढलेले सापडते. कुठला थर कुठल्या काळातला हे त्यावरून ओळखता येते. शेती पसरण्यापूर्वी पूरमैदानावर वर्षाला साधारण ०.२ मिलिमीटर गाळ साचत असे, म्हणजे शंभर वर्षांत दोन सेंटिमीटर. १९२० आणि १९३० च्या दशकांत कून क्रीकच्या खालच्या दरीत हाच वेग वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटरवर गेला. दहा वर्षांत दीड मीटर. कुंपणाचे खांब बुडाले की त्यांवर नवे खांब ठोकायचे, पूल उचलून घ्यायचे, पुन्हा काही वर्षांनी तेच. आजही त्या काठावर नदीने कापलेली कड पाहिली तर वर फिकट तपकिरी गाळाचे पातळ पातळ पदर दिसतात, आणि त्यांच्या तळाशी एकदम काळा पट्टा. तो काळा पट्टा म्हणजे १८५० ची जमीन.

१९३३ मध्ये या खोऱ्याकडे वॉशिंग्टनचे लक्ष गेले. ह्यू हॅमंड बेनेट हा मृदातज्ज्ञ कित्येक वर्षे धुपीविरुद्ध कंठशोष करत होता. १९२८ मध्ये त्याने सरकारी पुस्तिका काढून तिच्यात धुपीला राष्ट्रीय संकट ठरवले होते. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने मृदाधूप सेवा सुरू केली तेव्हा तिची सूत्रे बेनेटकडे आली, आणि संपूर्ण पाणलोट क्षेत्र घेऊन करायच्या देशातल्या पहिल्या प्रयोगासाठी कून क्रीकची निवड झाली. जवळच ला क्रॉसला धुपीचे प्रयोगकेंद्र नुकतेच सुरू झाले होते, तिथली माणसे मदतीला आली.

योजना साधी होती. शेतकऱ्याने पाच वर्षांचा करार करायचा, शेताची आखणी नव्याने करू द्यायची. बदल्यात सरकार बियाणे, चुना, खत, कुंपणाचे सामान आणि मजूर देणार. मजूर म्हणजे नागरी संवर्धन दलातले बेकार तरुण. महिन्याला तीस डॉलर पगार, त्यातले पंचवीस परस्पर घरी जायचे. या पोरांनी घळींत बांध घातले, डोंगर झाकतील एवढी रोपे लावली, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे उभ्या उतारांवरच्या झाडीला कुंपण घालून गुरे बाहेर काढली. शेतांचे चौकोन मोडून समपातळी पट्टे आले. मक्याचा एक पट्टा, त्याखाली ओटचा, त्याखाली लसूणघासाचा, सगळे डोंगराच्या वळणाने वळणारे. मक्याच्या ओळींतून निसटलेले पाणी घासात शिरून थांबायचे.

खोऱ्यात सुमारे ८०० शेतकरी होते. दोन-अडीच वर्षांत त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी करारावर सह्या केल्या. मंदी होती, हातात पैसा नव्हता आणि सरकार फुकट देत होते, हे कारण होतेच. पण ज्याच्या शेतात घराएवढी खोल घळ शिरली आहे त्याला व्याख्यानाची गरज नसते. जे आले नाहीत त्यांतले बरेच जण शेजाऱ्याचे पट्टे चार वर्षे पाहून मग आपापल्या पैशाने तसेच करू लागले. माझ्या मते या प्रयोगाचे खरे यश ते.

आपल्याकडेही त्याच सुमारास सोलापूर-विजापूरच्या अवर्षणी पट्ट्यात बांधबंदिस्तीचा विचार चालू होता. १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि गावच्या गाव घेऊन समपातळी बांध घालण्याला कायद्याचे बळ मिळाले. फरक एवढाच की आपल्याकडे चिंता शेतात ओल टिकवण्याची होती, तिथे दरीत गाळ येऊ न देण्याची.

निसर्गसंवर्धनाचे अभ्यासक आल्डो लिओपोल्ड १९३३ मध्येच विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. कून क्रीकच्या कामात त्यांनी लक्ष घातले आणि १९३५ मध्ये त्यावर लेख लिहिला. वनखाते, शेतीखाते, शिकारखाते यांनी एकाच डोंगराला आपापल्या दिशेने ओढण्याऐवजी एकत्र बसावे, हे त्यांना तिथे प्रथमच घडताना दिसले. पुढे मात्र त्यांचा सूर बदलला. १९४९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, निघालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’मध्ये ते नैऋत्य विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांविषयी नाराजीने लिहितात: करार संपल्यावर यांनी तेवढ्याच गोष्टी चालू ठेवल्या ज्यांतून पैसा मिळत होता. आणि त्याच ठिकाणी ते म्हणतात की या प्रदेशातली माती समुद्राच्या वाटेला लागली आहे. नाराजी काही अंशी रास्त होती. समुद्राची गोष्ट मात्र खरी नव्हती, पण ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. शेतातून गेलेली माती नदीतून समुद्राला मिळते, ही समजूत शाळेपासून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे.

ती समजूत खोटी ठरवण्याची सामग्री १९३८ च्या सुमारास गोळा झाली. स्टॅफर्ड हॅप या भूशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली कून क्रीकच्या दरीत आडव्या रेषा आखून, ठिकठिकाणी भोके पाडून, जुन्या काळ्या जमिनीवर किती गाळ चढला आहे याची मोजणी झाली. व्हिन्सेंट मॅकेल्व्ही या विद्यार्थ्याने १९३९ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. हाच पुढे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा संचालक झाला. मग युद्ध आले, आणि ती मोजणी कागदांत पडून राहिली.

१९७० च्या दशकात स्टॅनली ट्रिंबल या भूगोलतज्ज्ञाने ते कागद बाहेर काढले. त्याने आधी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पीडमाँट प्रदेशात कापसाच्या शेतीने झालेल्या धुपीचा इतिहास लिहिला होता. आता त्याने हॅपच्या रेषा पुन्हा शोधून त्याच जागी मोजणी केली. उतारावरून किती माती सुटली, ओढ्यांत किती थांबली, मुख्य दरीत किती, आणि मिसिसिपीपर्यंत प्रत्यक्षात किती पोचली, असा १८५३ पासूनचा ताळेबंद त्याने मांडला. १९८१ मध्ये तो ‘सायन्स’मध्ये छापून आला.

ताळेबंदाने भल्याभल्यांना चकित केले. शेतीमुळे सुटलेल्या मातीपैकी खोऱ्याबाहेर गेली ती शंभरात जेमतेम सहा-सात भाग. बाकी सगळी खोऱ्यातच होती. काही उताराच्या पायथ्याशी, काही ओढ्यांच्या काठी, काही खालच्या दरीत मीटर-मीटर जाडीच्या थरांत. दुसरी गोष्ट त्याहून विचित्र होती. नदीच्या मुखाशी जाणारा गाळ सगळ्या काळात जवळपास सारखाच, वर्षाला सुमारे चाळीस हजार टन. वर डोंगर धुपून जात होते तेव्हाही तेवढाच, आणि पट्टे पडून डोंगर सावरले तेव्हाही तेवढाच. मुखाशी बसून गाळ मोजणाऱ्या माणसाला वर काय घडले याचा पत्ताच लागला नसता.

याचे कारण मधल्या साठ्यात आहे. १९३८ नंतर वरून येणारी माती घटली. पाणी मुरू लागल्यामुळे पूर सौम्य झाले, उन्हाळ्यातही ओढ्यांत झऱ्यांचे पाणी वाढले. पण पाणी आता स्वच्छ होते, आणि स्वच्छ पाण्याला माती उचलायला जागा असते. वरच्या दरीत नदीने आधी साठवलेल्या गाळाचेच काठ कुरतडायला सुरुवात केली. जिथे जमा होत होती तिथे खर्च सुरू झाला, आणि तो खर्च खालच्या दरीत जमा होत राहिला. १८९० मध्ये कुणाच्या तरी मक्याच्या शेतातून सुटलेली माती अशी मुक्काम करत करत उतरते. एका पुरात एक टप्पा, मग पन्नास वर्षे विश्रांती.

ट्रिंबलने १९९३ पर्यंत मोजण्या चालू ठेवल्या. १९९९ मध्ये त्याने जाहीर केले की दरीत गाळ साचण्याचा वेग १९३० च्या दशकातल्या वेगाच्या अवघ्या ६ टक्क्यांवर आला आहे. खोऱ्यात शेती तेव्हाही होती, मका तेव्हाही होता, गाईही होत्या. शेती मागे हटली म्हणून गाळ घटला असे झाले नाही. उतारांवरून गुरे निघाली, तास आडवे झाले, म्हणून घटला. या आकड्यांवरून वाद पेटला. अमेरिकेत मातीची धूप भयंकर वेगाने चालू आहे असे डेव्हिड पिमेंटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्याच ‘सायन्स’मध्ये लिहिले होते, आणि ट्रिंबल विचारत होता की एवढी माती सुटत असेल तर ती आहे कुठे, ती दाखवा. एका खोऱ्यावरून देशाचा निष्कर्ष काढू नये ही टीका त्याच्यावर झाली, ती योग्यच होती. पण त्याच्या प्रश्नाला नुसत्या समीकरणांनी उत्तर देता येत नव्हते. दरीत उतरून भोके पाडावीच लागणार होती.

आज कून क्रीकचे ओढे ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध आहेत. ज्या पाण्यात गाळापायी मासा तगत नव्हता तिथे दूरदूरचे हौशी लोक गळ घेऊन येतात. मात्र दूधधंदा करणारी लहान कुटुंबे आता झपाट्याने कमी होत आहेत. गाई गेल्या की घासाच्या पट्ट्याची गरज संपते, आणि त्या जागी मका-सोयाबीन सलग येते.

ऑगस्ट २०१८ मध्ये या डोंगरांत प्रचंड पाऊस झाला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पूरनियंत्रणासाठी दऱ्यांच्या माथ्याशी बांधलेल्या छोट्या मातीच्या धरणांपैकी पाच, कून क्रीक आणि शेजारच्या किकापू नदीच्या पश्चिम शाखेवरची, एका रात्रीत फुटली. बांध मध्ये फुटले नाहीत. धरण जिथे डोंगराला टेकते तिथला भेगाळ वालुकाश्म पाण्याने पोखरला. खाली कून व्हॅली आणि चेसबर्ग या गावांत घरांत पाणी शिरले, आणि काठांमधला दीडशे वर्षांचा गाळ ठिकठिकाणी ढासळून पुन्हा वाहू लागला. त्यानंतर खोऱ्यातल्या रहिवाशांनी आपली पाणलोट परिषद स्थापन केली आहे. उरलेली धरणे ठेवायची की काढायची, आणि काढली तर पाणी वरच्या शेतांतच कसे मुरवायचे, यावर तिथे शेतकऱ्यांच्या बैठका होऊ लागल्या.